धूळवाटेवरचा गृहस्थ

मराठी माणसाच्या संसारात लग्नानंतरच्या पहिल्या पाच-सात वर्षांत ज्या वस्तू माळ्यावर जातात, त्यांची यादी कोणी केली तर ती मोठी उद्बोधक होईल. तबल्याची जोडी जाते, क्रिकेटची बॅट जाते, गडकिल्ल्यांवर मिरवलेली पाठपिशवी जाते. मोटारसायकल तेवढी माळ्यावर जात नाही, कारण ती मावत नाही. ती जिन्याखाली जाते. तिच्यावर जुनी चादर पडते, चादरीवर धूळ बसते, आणि एके दिवशी तिच्या टाकीला टेकून मुलांची तीनचाकी उभी राहते. आमच्या दीपनगरात, औष्णिक वीजकेंद्राच्या वसाहतीत, अशा चादरीखालच्या तीन-चार मोटारसायकली मी मोजल्या आहेत. त्यांतली एक माझी. सात वर्षांनंतर गेल्या हिवाळ्यात मी ती बाहेर काढली. तेव्हापासून ‘या वयात, दोन लहान मुले घरात असताना, हा उद्योग कशासाठी?’ हा प्रश्न मला शेजाऱ्यांनी, स्टाफरूममधल्या मित्रांनी आणि थेट आमच्या मातोश्रींनी विचारला आहे. प्रश्न रास्त आहे, आणि तो माझ्या एकट्याचा नाही.

धूळ उडवण्याचा शंभर वर्षांचा खेळ

मातीवरची मोटारसायकल, जिला आजची पोरे ‘डर्ट बाईक’ म्हणतात, ती कॉलेजला जाण्याची गाडी नव्हे. तिचे शॉकअप लांब, पोट जमिनीपासून उंच, टायरांना जाड जाड गट्टे, अंग हलके. डांबरी रस्त्यावर ती अवघडते. नाल्यात उतरली की माहेरी आल्यासारखी वागते.

हा खेळ काही कालपरवाचा नाही. १९२४ च्या मार्चमध्ये इंग्लंडमध्ये कॅम्बर्लीजवळच्या माळावर एक शर्यत झाली, तिला या खेळाचा आरंभ मानतात. त्यापूर्वीच्या चाचण्यांत चालकाच्या सफाईला गुण देत असत. इथे जो आधी पोहोचेल तो पहिला, एवढाच नियम. पुढे फ्रेंचांनी ‘मोटोसिक्लेट’ आणि ‘क्रॉस कंट्री’ यांची सांधेजोड करून ‘मोटोक्रॉस’ हा शब्द रूढ केला. भाषेचा शिक्षक म्हणून मला हा संधी फार आवडतो. १९५७ साली या खेळाला जागतिक अजिंक्यपदाचा दर्जा मिळाला.

आपल्याकडे १९६१ पासून म्हैसूरच्या कारखान्यात जावा आणि १९७३ पासून येझदी या नावाने ज्या गाड्या निघाल्या, त्यांनी तरुणांच्या दोन पिढ्यांना वेड लावले. तो कारखाना १९९६ मध्ये बंद पडला. पण पुण्या-नाशकाच्या मैदानांत मातीचे उंचवटे रचून शर्यती होत राहिल्या, आणि जानेवारी २०२४ मध्ये पुण्याच्या बालेवाडीत सुपरक्रॉसची नवी साखळी स्पर्धाही सुरू झाली. खास खडबडीत वाटांसाठी बनवलेली, मध्यमवर्गीयाच्या आवाक्यातली देशी गाडी २०१९ पासून बाजारात आली. त्यामुळे शर्यतीशी काडीचाही संबंध नसलेले आमच्यासारखे लोकही रविवारी सकाळी धूळ खाऊ लागले.

तापीकाठची शाळा

खानदेशाला निसर्गाने या खेळाचे मैदान फुकट दिले आहे. तापीच्या दोन्ही तीरांवर गाळाच्या मातीचे जाड थर आहेत. पावसाच्या पाण्याने ते शतकानुशतके कापले जाऊन त्यांत घळींचे जाळे झाले आहे. एका घळीत उतरावे, वळण घ्यावे, तो पुढे दुसरी. वर केळीच्या बागा, कपाशीची शेते, आणि दूरवर आमच्या वीजकेंद्राच्या उंच चिमण्या. वाट चुकली तर त्या चिमण्यांकडे पाहून घराची दिशा कळते.

पण ही शाळा बारमाही नव्हे. पावसाळ्यात आमची काळी माती चाकाला अशी धरते, की मडगार्डमध्ये ती भरून चाक फिरायचेच थांबते. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो, तेव्हा शिरस्त्राण घालून बाहेर पडणे हे साहस नसून अविचार आहे. दिवाळी ते होळी हाच खरा मोसम. त्यातही कपाशीची वेचणी चालू असते, तेव्हा शेतकऱ्याला विचारल्यावाचून बांध ओलांडू नये. उत्तरेला सातपुड्यातले यावलचे अभयारण्य खुणावते. पण १९६९ पासून ते वन्यप्राण्यांसाठी राखलेले आहे, तिथे आपल्या इंजिनाचा आवाज नेण्याचा आपल्याला अधिकार नाही.

परवान्याची चिठ्ठी

आमची सौ. वीजकेंद्रात अभियंता आहे. तिच्या पाळ्या बदलत असतात, आणि मुले, थोरली आठ वर्षांची, धाकटा पाच, कोणाच्या वाट्याला कधी येतील हे त्या पाळ्यांच्या तक्त्यावर ठरते. गाडी पुन्हा काढण्याचा विषय मी काढला तेव्हा तिने अश्रू ढाळले नाहीत की शपथ घातली नाही. तिने एवढेच विचारले, “अहो, हात मोडून तुम्ही सहा आठवडे बसलात, तर माझ्या सकाळच्या पाळीला मुलांचे डबे कोण भरणार?”

मृत्यूच्या भीतीला पुरुष शौर्याची चार वाक्ये बोलून उत्तर देऊ शकतो. डब्यांच्या प्रश्नाला शौर्याने उत्तर देता येत नाही. लहान मुलांच्या बापाची जोखीम दहातल्या नऊ वेळा अशीच असते: एक मोडलेले मनगट, एक प्लास्टर, आणि दुसऱ्या माणसाच्या खांद्यावर गेलेले दुप्पट ओझे.

तोडगाही तिनेच सुचवला. वीजकेंद्रात कोणतेही यंत्र दुरुस्तीला घेण्यापूर्वी ‘परमिट’ घ्यावे लागते. काम कोणते, माणसे कोण, यंत्र कुठून बंद केले, काम कधी संपणार, हे सारे लिहून सही होते. सही झाल्याशिवाय पान्याला हात लावायचा नाही, आणि काम संपल्यावर परमिट परत केल्याशिवाय यंत्र चालू करायचे नाही. आता आमच्या फ्रिजवर तशीच चिठ्ठी लागते. कुठल्या घळीत, कोणाबरोबर, परत किती वाजता. एकट्याने जायचे नाही. तिची रात्रपाळी उतरलेली असेल त्या सकाळी जायचे नाही, कारण तेव्हा झोपेचा हक्क तिचा. शिवाय ज्या रविवारी मी जाईन, त्यानंतरचा रविवार तिचा; तिने काय करायचे ते मी विचारायचे नाही. छंदाची परतफेड छंदानेच होते, हे संसारातले अर्थशास्त्र मला चाळिशीत समजले.

शरीराचा हिशेब

सात वर्षांनंतर गाडीवर बसलेल्याला पहिल्या दहा मिनिटांत दोन गोष्टी कळतात: मनाला सारे आठवते, आणि शरीराला त्यातले निम्मेच जमते. या गाडीवर बसून चालत नाही. पायदानावर उभे राहावे लागते, गुडघे किंचित वाकवून, नजर पुढच्या चाकावर नव्हे तर दूर ठेवून. नवखा किंवा सुटलेला चालक भीतीने मुठी आवळतो, आणि पंधरा मिनिटांत कोपरापासून मनगटापर्यंतचे स्नायू दगड होतात. मग क्लच धरता येत नाही. उपाय एकच: हँडल सैल धरावे आणि गाडी गुडघ्यांत धरावी. वाळूत घाबरून मूठ सोडली की पुढचे चाक रुतते. वजन थोडे मागे घेऊन वेग स्थिर ठेवावा. पहिले दोन महिने मी केवळ सपाट माळावर इंग्रजी आठाचा आकडा गिरवला. विद्यार्थ्यांना वर्षानुवर्षे उजळणीचे महत्त्व सांगणाऱ्या माणसाला ते करणे भागच होते.

खर्चाबाबत एवढेच सांगतो: पैसे आधी अंगावर घालावेत, मग गाडीवर. चांगले शिरस्त्राण, पोटरीपर्यंतचे कडक बूट, गुडघ्या-कोपरांची कवचे आणि छातीचे कवच. विम्याची कागदपत्रे भिंगातून वाचावीत. गाडीच्या विम्यात संघटित शर्यतीतले नुकसान वगळलेले असते, आणि आरोग्यविम्यात साहसी खेळात व्यावसायिक म्हणून भाग घेताना झालेल्या दुखापतीबद्दल वेगळे कलम असते.

मोठ्यांचे दाखले

पुन्हा मैदानात उतरण्याचे मोठे दाखले आहेत. अमेरिकेचा अजिंक्यवीर रायन डन्जी २०१७ साली निवृत्त झाला आणि २०२२ मध्ये, बाप झाल्यावर, मोटोक्रॉसचा एक पूर्ण मोसम पुन्हा धावला. अजिंक्यपद मिळाले नाही. ते मिळवण्यासाठी तो आलाही नसावा. आपल्याकडे व्यापारी जहाजावर नोकरी करणारे आशिष रावराणे २०२१ च्या डाकार रॅलीत मोटारसायकल घेऊन उतरले. खलाशी वाळवंटात उतरतो, मग मास्तर घळीत का नको, असे मला तेव्हा वाटून गेले.

पण नाण्याची दुसरी बाजू लपवणे अप्रामाणिक ठरेल. डाकार रॅली पूर्ण करणारा पहिला भारतीय, बंगळूरचा सी. एस. संतोष, २०१५ साली छत्तिसावा आला. त्याच संतोषला जानेवारी २०२१ मध्ये सौदी अरेबियाच्या वाळूत असा अपघात झाला, की डॉक्टरांना त्याला औषधाने बेशुद्ध ठेवावे लागले. तो बरा होऊन घरी परतला. त्याच्या आदल्या वर्षी त्याच संघाचा पोर्तुगीज चालक पाउलो गोन्साल्विस मात्र शर्यतीतच गेला. तो चाळीस वर्षांचा होता. ही नावे मी माझ्या मनाशी वरचेवर घेतो. घळीच्या काठावर ‘मारू या का उडी?’ असा मोह होतो, तेव्हा ती उपयोगी पडतात. मी गाडी चालवतो. उड्या मारीत नाही.

मुलांनी काय घ्यावे

मुलांना पुढे बसवून चक्कर मारणे हा आपल्याकडचा सार्वत्रिक लाड. कायदा याविषयी स्पष्ट आहे. चार वर्षांवरील प्रत्येकाला शिरस्त्राण हवे. त्याहून लहान मुलासाठी २०२२ च्या नियमाने सुरक्षा-पट्टा, शिरस्त्राण आणि ताशी चाळीस किलोमीटरची मर्यादा घातली आहे. आणि अल्पवयीन मुलाच्या हाती सार्वजनिक रस्त्यावर गाडी दिली, तर २०१९ च्या दुरुस्तीनुसार पालकाला पंचवीस हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. मुलाला वयाच्या पंचविशीपर्यंत परवाना मिळत नाही. ‘आमचा बंड्या सातवीतच बुलेट चालवतो’ हे कौतुक आता बैठकीत सांगण्यासारखे राहिलेले नाही. मुलांना मातीची गोडी लावायची असेल तर सायकल पुरेशी आहे. तोल, ब्रेक आणि पडणे हे तिन्ही धडे तिच्यावर मिळतात.

माझी मुले गाडीवर बसत नाहीत, गाडी धुतात. रविवारी दुपारी चेनवरची माती काढताना धाकटा नटबोल्ट वाटीत मोजून ठेवतो. थोरली मात्र फ्रिजवरची चिठ्ठी वाचते. मध्यंतरी मी अकराची वेळ लिहून साडेअकराला आलो. तिने काही न बोलता चिठ्ठीवर लाल पेनने ‘उशीर’ असे लिहिले आणि आईची सही घेतली. बापाला चालवायला आवडते आणि बापाला परत यायचे असते, या दोन्ही गोष्टी तिने एकाच कागदावर पाहिल्या आहेत. मुलांसमोर निर्भय बापाचे चित्र ठेवण्यापेक्षा भीतीचा हिशेब ठेवणाऱ्या बापाचे ठेवावे, असे मला वाटते.

तेव्हा वाचकहो, तुमच्या जिन्याखाली चादर पांघरून जे काही उभे असेल, मोटारसायकल, सतार किंवा चित्रांची चौकट, त्याची धूळ या दिवाळीच्या साफसफाईत अवश्य झटका. मात्र ते बाहेर काढण्यापूर्वी घरातल्या दुसऱ्या माणसाच्या माळ्यावर काय पडले आहे, तेही एकदा चढून पाहा. आमच्या माळ्यावर एक तंबोरा निघाला. सध्या एक रविवार घळीचा असतो, एक तंबोऱ्याचा. तंबोऱ्याच्या रविवारी डबे मी भरतो.