झुडपांखालचा लाजरा पोपट

पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या दक्षिण किनाऱ्यालगत गुडघ्याएवढ्या झुडपांचे माळ पसरलेले आहेत. पश्चिमी भू-पोपट या माळांचा रहिवासी. तिथले मूळनिवासी नूंगार लोक त्याला कायलोरिंग म्हणतात. पक्षी सुमारे 30 सेंटीमीटर लांबीचा, म्हणजे आपल्याकडच्या पोपटापेक्षा लहान. हिरव्या अंगावर काळ्या-पिवळ्या रेघा इतक्या दाट असतात की झुडपाखाली बसलेला पक्षी दोन पावलांवरूनही दिसत नाही. प्रौढ पक्ष्याच्या कपाळावर, चोचीच्या अगदी वर, बारीक तांबडी पट्टी असते; पिल्लांना ती नसते.

पोपट म्हटले की मुलांना आठवतो तो पेरूच्या झाडावर कलकलाट करणारा, झाडाच्या ढोलीत घर करणारा पक्षी. कायलोरिंगचे सगळेच वेगळे. त्याचे पाय लांब, नखे फारशी वळलेली नाहीत. फांदी पकडण्यापेक्षा चालण्याच्याच ती कामाची. दिवसभर तो झुडपांतून चालत बिया, फुले आणि कोवळी पाने खातो. घरटेही जमिनीवरच, झुडपाच्या आडोशाला. माणसाची चाहूल लागली की दबून बसतो. अगदीच जवळ कोणी आले तर भुर्रकन उडून थोड्या अंतरावर पुन्हा झुडपांत शिरतो. म्हणूनच माळावर वर्षानुवर्षे काम करणाऱ्या संशोधकांनाही तो क्वचितच दिसतो.

त्याचा पत्ता लागतो तो आवाजावरून. सूर्योदयापूर्वीच्या आणि सूर्यास्तानंतरच्या अंधुक उजेडात तो एकामागून एक चढत जाणाऱ्या बारीक शिट्ट्या घालतो. उरलेला दिवस बहुतेक गप्प. त्यामुळे त्याची पाहणी डोळ्यांनी होत नाही. स्वयंसेवक ठरलेल्या जागी अंधारात बसतात आणि शिट्टी ऐकू आली की वेळ, दिशा, अंदाजे अंतर टिपून घेतात. अलीकडे माळावर ध्वनिमुद्रणयंत्रेही ठेवली जातात. मुलांना या पक्ष्याची ओळख करून देताना चित्राआधी ही शिट्टी ऐकवणे उत्तम, कारण त्याला वाचवू पाहणारी माणसेही त्याला मुख्यतः कानांनीच ओळखतात.

आज या जातीचे 150 हून कमी पक्षी उरले आहेत असा अंदाज आहे. एके काळी पर्थच्या परिसरापर्यंत आढळणारा हा पोपट आता नैसर्गिक अवस्थेत केप एरिड राष्ट्रीय उद्यान आणि त्याच्या शेजारच्या नाइट्सलँड अभयारण्यापुरताच उरला आहे. शेती आणि वस्तीसाठी माळ मोडले गेले, हे पहिले कारण. दुसरे वणव्यांचे. झुडपे पुरती वाढायला बरीच वर्षे लागतात, आणि 2015 मध्ये केप एरिडच्या वणव्यांत त्याच्या अधिवासाचा सुमारे 90 टक्के भाग जळाला. तिसरे कारण मांजर आणि कोल्हा. हे दोन्ही प्राणी ऑस्ट्रेलियात युरोपीय लोकांबरोबर आले. जमिनीवर झोपणाऱ्या आणि तिथेच अंडी घालणाऱ्या पक्ष्याला त्यांच्यापुढे बचाव नाही. घरात मांजर असलेल्या मुलाला हे जपून सांगावे लागते: दोष मांजराचा नाही, तिला नको त्या ठिकाणी नेणाऱ्या माणसांचा आहे.

मांजर-कोल्ह्यांना आवरण्यासाठी विषारी आमिषे टाकली जातात. त्यातले विष त्या प्रदेशातल्या काही रानवनस्पतींमध्ये मुळातच असते, त्यामुळे तिथल्या अनेक मूळच्या प्राण्यांना ते बरेचसे पचते. बाहेरून आलेल्या कोल्ह्याला मात्र मारते. मांजराचे तसे नाही. तिला जिवंत शिकार आवडते, त्यामुळे ती आमिषाकडे सहसा फिरकत नाही, आणि काम तिथेच अवघड होते.

‘मग सगळ्यांना पकडून प्राणिसंग्रहालयात का ठेवत नाहीत?’ हा प्रश्न मुले विचारणारच. तो प्रयत्नही झाला आहे. 2014 पासून पर्थच्या प्राणिसंग्रहालयात काही पक्षी ठेवले गेले. त्यांच्या सवयी जवळून पाहता आल्या, पण इतक्या बुजऱ्या पक्ष्याची पैदास पिंजऱ्यात करणे सोपे ठरले नाही. म्हणून दुसरा उपाय हाती घेतला गेला. सगळे पक्षी एकाच ठिकाणी राहिले तर एका मोठ्या वणव्यात संपूर्ण जात नष्ट होऊ शकते. तेव्हा केप एरिडमधले काही पक्षी पकडून 2021 मध्ये ऑल्बनीच्या पूर्वेला, शेकडो किलोमीटर दूर नेऊन सोडले गेले. ती नेमकी जागा जाहीर करण्यात आलेली नाही.