चवीच्या सहली : दिघी-भोसरीच्या तरुणांसाठी एक नवा धंदा

धंद्याचे पान वाचणारे आमचे बहुतेक वाचक छोटे दुकानदार, कारागीर किंवा नोकरीबरोबर काही जोडधंदा शोधणारे तरुण आहेत. दुकान टाकायचे तर जागेची पागडी, माल, नोकर आणि उधारी हे चार बोजे पहिल्याच दिवशी डोक्यावर बसतात. म्हणून आज अशा एका कामाविषयी लिहीत आहे ज्यात भांडवल थोडे लागते, मात्र हिशेब आणि सचोटी भरपूर लागते. ते काम म्हणजे खाण्याच्या खासियती गाठण्यासाठी काढलेल्या गट-सहली.

आमचा कापडाचा धंदा. मालाच्या खरेदीसाठी इचलकरंजी, मालेगाव, सोलापूर, भिवंडी असे फिरणे वर्षानुवर्षे चालू आहे. व्यापाऱ्याला गाव आधी बाजारातून कळते आणि मग खाणावळीतून. सोलापूरला चादरीचा सौदा झाला की कडक भाकरी व शेंगाचटणी, कोल्हापूरला तांबडा-पांढरा रस्सा, खानदेशात हिवाळ्यात वांग्याचे भरीत. हे सारे आम्हाला धंद्यापायी मिळाले. आज लोक त्याच चवीसाठी स्वतःच्या खिशातून पैसे घालून दोनशे-अडीचशे किलोमीटर जायला तयार आहेत.

गिऱ्हाईक कोठे आहे?

मराठी सहल कंपन्यांनी एक मोठी गोष्ट केली. केसरी टूर्स १९८४ साली सुरू झाली, त्यानंतर इतरही आल्या. दूरदेशी गेलेल्या मराठी माणसाला घरच्यासारखे जेवण मिळेल, ही त्यांच्या यशातील एक मोठी बाब होती. चवीच्या सहलीत नेमके उलटे आहे. येथे माणूस घरचे जेवण सोडून दुसऱ्याच्या गावचे खायला निघतो. म्हणून ही सहल लहान गटाची, एक-दोन दिवसांची आणि जवळच्या पल्ल्याची हवी.

दिघी अशा कामाला सोयीची आहे. एका बाजूला आळंदी, दुसऱ्या बाजूला भोसरीची औद्योगिक वसाहत, पुढे चाकण. लष्करी संस्थांमुळे येथे देशभरातील कुटुंबे राहतात. कारखान्यांमुळे विदर्भ, मराठवाडा, खानदेश, बिहार, केरळ अशा सर्व भागांतील माणसे शेजारी झाली आहेत. या परिसरातील बऱ्याच कारखान्यांना गुरुवारी सुट्टी असते. रविवारी सगळीकडे गर्दी आणि राहण्याचे दर चढे, तर गुरुवारची सहल स्वस्त पडते. ही सोय पुण्यातील बड्या कंपन्यांच्या वेळापत्रकात बसत नाही. आपल्या बसते.

पदार्थाचे घड्याळ आधी पाहा

नवखा माणूस आधी रस्ता आखतो व मग खाणे शोधतो. येथे आधी पदार्थाची वेळ विचारावी. नल्ली निहारी व बारा हंडी हा सकाळचा माल आहे, उशिरा गेलात तर रिकामी देगच दिसेल. मुंबईच्या मोहम्मद अली रोडवरील मिनारा मशिदीची गल्ली रमजानमध्ये इफ्तारनंतर जागी होते, तेथे दुपारी गट नेऊन काय दाखवणार?

वेळेप्रमाणे मोसमही पाहावा लागतो. ज्वारीचा हुरडा साधारण डिसेंबर ते फेब्रुवारी. हापूस एप्रिल-मे. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते, तेव्हा मालवणची मासळी-सहल त्या दोन महिन्यांत ठेवू नये. श्रावण, मार्गशीर्षातील गुरुवार, एकादशी व संकष्टी या दिवशी मटणाच्या सहलीला अर्धे शेजारी येणार नाहीत. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. त्यामुळे दोन्ही पंचांगे भिंतीवर शेजारी लावूनच वर्षाचे वेळापत्रक करावे.

एक नमुना : नान खलियाची दोन दिवसांची सहल

छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीचे औरंगाबाद, पुण्यापासून सुमारे २३५ किलोमीटर. दिघीहून आळंदी-मरकळ मार्गे नगर रस्त्याला लागता येते. पहाटे सहाला निघालेली गाडी जेवणाच्या वेळी तेथे पोहोचते. शहराची ओळख नान खलिया. भट्टीत भाजलेली मऊ गोल नान आणि मसालेदार पातळ रश्श्याचे मटण. मुहम्मद बिन तुघलकाने १३२७ साली राजधानी दौलताबादला हलवली तेव्हा लष्करासोबत हा पदार्थ आला, असे परंपरेने सांगितले जाते. मोठ्या देगीत एकदम शिजणारे आणि पंगतीला पुरणारे हे खाणे आहे, त्यावरून ही गोष्ट पटण्यासारखी वाटते.

दुपारी हिमरू विणणाऱ्यांकडे जावे. सूत व रेशीम यांचे हे कापड एकेकाळी दरबारी पोशाखाचे होते. संध्याकाळी हलके खाणे, मुक्काम. दुसऱ्या दिवशी दौलताबाद किल्ला सकाळच्या उन्हात चढून घ्यावा, म्हणजे भूक लागते. नंतर पैठण. तेथे पैठणीचे माग, संत एकनाथांचे गाव, आणि जेवणाला बाजरीची भाकरी व पिठले. आळंदीच्या शेजारी राहणाऱ्या मंडळींना पैठणची ओढ सांगायला नको. शेवगाव-नगर मार्गे रात्री घरी.

दिवसात दोन मोठी जेवणे आणि एक लहान चव, याहून जास्त ठेवू नये. पोट भरलेल्या माणसाला उत्तम पदार्थही बेचव लागतो, आणि दोष सहलीवर येतो.

हिशेब कागदावर

आता मुख्य गोष्ट. समजा सतरा आसनांची ट्रॅव्हलर घेतली. एक आसन संयोजकाचे, सोळा विकायची. दोन दिवसांचे भाडे, टोल व चालकाचा भत्ता मिळून २२,००० रुपये धरू. माणशी खाणे १,४०० आणि मुक्काम ९००, म्हणजे २,३०० रुपये. संयोजकाचे २,३०० गाडीच्या खर्चात मिळवले की बांधील खर्च २४,३०० झाला.

गाडी पूर्ण भरेल असे मानून भाव काढला तर माणशी सुमारे ३,८२० रुपयांत खर्च निघतो, आणि अनेक जण लोकप्रियतेसाठी ३,९०० ला तिकीट विकून मोकळे होतात. चार जण ऐनवेळी गळाले की त्यांचे पाच हजारांहून अधिक खिशातून जातात. भाव बारा आसनांवर काढावा. ४,५०० रुपये तिकीट ठेवले तर बारा माणसांत २,१०० रुपये उरतात, सोळा माणसांत १०,९००. अकरा आली तर शंभराचा तोटा, म्हणजे बाराव्या नावाशिवाय गाडी पक्की करायची नाही. आकडे तुमच्या भागातील दराप्रमाणे बदला, पण रीत हीच ठेवा.

निम्मी रक्कम आगाऊ घ्यावी. नाव रद्द केल्यास किती परत मिळेल हे पत्रकावर छापावे. उधारीने कापडाची किती दुकाने बसली हे आमच्या धंद्यातील प्रत्येकाला ठाऊक आहे, सहलीत तर माल परत घेण्याचीही सोय नाही. गाडीचा प्रवासी परवाना व विमा निघण्यापूर्वी डोळ्यांनी पाहावा. सेवेची वार्षिक उलाढाल २० लाखांपुढे गेली की जीएसटी नोंदणी लागते. स्वतः शिजवून खाऊ घालणार असाल तर अन्न सुरक्षा नोंदणीही लागते.

दलाली नको

खाणावळवाले गट आणल्याबद्दल कमिशन देऊ करतात. ते घेऊ नये. आमच्या बाजारात दलाल दोन्हीकडून पैसे घेऊ लागला की त्याने दाखवलेल्या ताग्यावर कोणी विश्वास ठेवत नाही. येथे तर तुमचा मालच तुमची शिफारस आहे. कमिशनऐवजी भाव कमी करून घ्या आणि ती बचत बिलात दाखवा.

एक दस्तरखान

या सहलीत मुस्लिम, हिंदू, जैन, ख्रिस्ती शेजारी एकत्र येतील. मांस हलाल आहे का, हे संयोजकाने आधी जाऊन स्वतः विचारावे. तितक्याच काळजीने शाकाहारी माणसाच्या भांड्याची, तेलाची व पळीची चौकशी करावी, जैन कुटुंबासाठी कांदा-लसूण नसलेले ताट आधी सांगून ठेवावे. शाकाहाऱ्याला ‘तुम्ही दही-भात घ्या’ असे सांगून कोपऱ्यात बसवणे हा त्याचा अपमान आहे. त्याने तितकेच पैसे भरले आहेत. त्याच्यासाठीही त्या गावची खासियतच शोधावी. कोणाच्या ताटात काय जावे व काय जाऊ नये, ही अमानत आहे. तिच्यात एकदा कसूर झाली तर गिऱ्हाईक जाईलच, शेजारही तुटेल.

याचा लाभ फक्त संयोजकाचा नाही. हुरड्यासाठी शेतकऱ्याचे शेत, मुक्कामासाठी लहान लॉज, वाटेतील न्याहारीसाठी महिला बचत गट, सर्वांना काम मिळते. बारामतीजवळ पळशीवाडीला कृषी पर्यटनाचे काम वीस वर्षांहून अधिक काळ चालू आहे, आणि राज्य शासनाने २०२० साली कृषी पर्यटनाचे धोरणही केले. बाहेर पाहिले तर तुर्कस्तानातील गाझीआंतेप हे सूत व गालिचांच्या कारखान्यांचे शहर. युनेस्कोने २०१५ साली त्याला पाककलेचे सर्जनशील शहर म्हणून मान्यता दिली, हैदराबादला तो मान २०१९ मध्ये मिळाला. कारखान्यांच्या गावाला चव नसते, हा समज खरा नाही.

सुरुवात मोठ्या जाहिरातीने करू नका. आपल्या गल्लीतील, मशिदीतील, कारखान्याच्या पाळीतील बारा माणसे जमवा. आधी दोघांनी दुचाकीवर जाऊन सर्व ठिकाणी खाऊन या, वेळा व भाव वहीत लिहा, स्वच्छतागृहे पाहा. परतल्यावर प्रत्येक प्रवाशाला हिशेबाचा कागद द्या. पहिल्या सहलीत नफा थोडाच होईल. पण त्या बारांपैकी आठांनी पुढच्या सहलीसाठी नाव दिले, तर धंदा उभा राहिला असे समजा.