फारकतीचा हिशेब

एकत्र कुटुंबातून भाऊ वेगळा निघाला की भांडण चुलीवरून झाले असे शेजारीपाजारी सांगतात. नीट चौकशी केली, तर ते बहुधा हिशेबावरून झालेले आढळते. मी घालतो किती आणि माझ्या वाट्याला येते किती, हा प्रश्न मनात एकदा घर करून बसला की चूल हे केवळ निमित्त ठरते. राज्यांचा संघ बनवून जे देश उभे राहिले, त्यांच्यातही हेच घडते. परंतु तेथे एक कोडे पडते. ज्या राज्याला मध्यवर्ती सरकारच्या मदतीवाचून वर्ष काढणे कठीण, तेच राज्य कधी कधी फुटून निघण्याची भाषा का बोलते? ऐकणाऱ्याला हा कृतघ्नपणा वाटतो, नाहीतर वेडेपणा. तो दोहोंपैकी काहीच नसू शकतो, हे पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या उदाहरणावरून मला आपल्यापुढे मांडावयाचे आहे.

हे राज्य ऑस्ट्रेलियाच्या भूमीचा सुमारे एक-तृतीयांश भाग व्यापते. आपली आठ महाराष्ट्र राज्ये त्यात मावतील. पण १९३३ साली तेथील लोकसंख्या साडेचार लाखांच्याही आत होती. राजधानी पर्थ आणि पूर्वेकडील मेलबर्न-सिडनी यांच्यामध्ये हजारो किलोमीटरांचे ओसाड रान. १९०१ साली सहा वसाहती एकत्र येऊन संघराज्य झाले, तेव्हा पश्चिमेची वसाहत सर्वांच्या शेवटी, कुरकुरतच आत आली. तिला आत ओढले ते कालगुर्लीच्या सोन्याच्या खाणींतील लोकांनी. ते बहुतेक पूर्वेकडूनच आलेले. संघात जात नसाल तर आम्ही खाणींचा मुलूख तोडून निराळी वसाहत करू, असा अर्ज त्यांनी सुमारे २८ हजार सह्यांनिशी इंग्लंडच्या राणीकडे धाडला होता. म्हणजे फुटण्याची पहिली धमकी संघात शिरण्यासाठी दिली गेली, हे ध्यानात ठेवावे.

आता तक्रार काय होती ते पाहू. संघराज्य होताच जकात बसविण्याचा अधिकार मध्यवर्ती सरकारकडे गेला. पूर्वेकडील नवे कारखाने जगावेत म्हणून परदेशी मालावर भारी जकात बसली. पश्चिमेला कारखाने नव्हतेच. तेथे गहू, लोकर, लाकूड आणि सोने. हा माल जगाच्या बाजारात, जगाच्या भावाने विकावा लागे. नांगर, कापणीयंत्र, साखर हे मात्र देशातल्या संरक्षित, चढ्या भावाने घ्यावे लागे. शेतकऱ्याची ही दोन्ही बाजूंनी कात्री.

येथे माझ्यासारख्या कामगार चळवळीत आयुष्य गेलेल्या माणसाने प्रामाणिकपणे एक गोष्ट सांगितली पाहिजे. १९०७ साली न्यायमूर्ती हिगिन्स यांनी मेलबर्नच्या एका कापणीयंत्राच्या कारखान्याच्या प्रकरणात असा निवाडा दिला, की अकुशल कामगारालाही बायकामुलांसह माणसासारखे राहता येईल इतकी मजुरी मिळालीच पाहिजे. दिवसाला ७ शिलिंग हा आकडा त्यांनी ठरविला. जगातील कामगारांनी अभिमानाने सांगावा असा हा निवाडा. पण तो ज्या कायद्याखाली आला त्याची योजनाच अशी होती, की कारखानदाराने रास्त मजुरी द्यावी आणि त्याच्या मोबदल्यात त्याच्या मालाला संरक्षण मिळावे. पुढे तो कायदा न्यायालयात टिकला नाही, परंतु मजुरीचे तत्त्व टिकले आणि जकातही टिकली. मेलबर्नच्या कामगाराची रास्त मजुरी आणि पश्चिमेच्या गहूवाल्याचे महागलेले यंत्र ही एकाच नाण्याची दोन अंगे होती. मजुरी चूक नव्हती. तिचा भार कोणावर किती पडतो, हे मात्र कोणी मोजत नव्हते.

मग मदत येत नव्हती काय? येत होती. राज्यघटनेच्या ९६ व्या कलमाप्रमाणे मध्यवर्ती संसद कोणत्याही राज्याला आर्थिक साहाय्य देऊ शकते. १९१० पासून पश्चिमेला २,५०,००० पौंडांचे खास अनुदान सुरू झाले. ते दरवर्षी १०,००० पौंडांनी उतरत जाणारे होते. १९१७ साली सुमारे १,७०० किलोमीटरांचा लोहमार्ग पुरा होऊन कालगुर्ली पूर्वेशी जोडली गेली. १९२५ साली चौकशी आयोगाने राज्याचे गाऱ्हाणे बव्हंशी खरे मानले, आणि पुढल्या वर्षापासून पाच वर्षे, दर वर्षी ३,००,००० पौंड मंजूर झाले. शिवाय म्हाताऱ्या माणसांचे पेन्शन मध्यवर्ती तिजोरीतूनच मिळे.

तरीही समाधान का नव्हते? आमच्या कामगारांच्या भाषेत सांगतो. पगारातून दरमहा कापून घ्यावयाचे आणि दिवाळीला त्यातलेच थोडे बक्षिसी म्हणून परत द्यावयाचे. मालक म्हणतो मी उदार. कामगार म्हणतो माझेच मला दिलेस. दिल्याची पावती असते, कापल्याची नसते. अनुदानाचा आकडा अंदाजपत्रकात छापलेला असतो, पण जकातीचा भार नांगराच्या किमतीत विरघळून जातो. म्हणून केंद्र ज्याला मदत म्हणत होते, त्याला पश्चिमेचे लोक भरपाई म्हणत होते, आणि तीही अपुरी.

त्यात १९२९ नंतर जागतिक मंदी आली. गव्हाचे भाव कोसळले, बेकारी भडकली. १९३० साली फुटून निघण्याचा प्रचार करणारी डोमिनियन लीग स्थापन झाली. तिचे म्हणणे, जकातीचे उत्पन्न आपल्या हाती आले की अनुदानाची गरजच उरणार नाही. विरोधक विचारीत, राष्ट्रीय कर्जाचा वाटा, संरक्षण, पेन्शन हा सारा बोजा साडेचार लाख माणसे कशी उचलणार? पंतप्रधान लायन्स स्वतः प्रचाराला पश्चिमेत आले, पण सभांतून त्यांची हुर्यो झाली.

८ एप्रिल १९३३ रोजी मतदान झाले. फुटण्याच्या बाजूने १,३८,६५३ आणि विरुद्ध ७०,७०६ मते पडली. जवळजवळ दोनास एक! खाणींच्या मुलखाने मात्र विरोध केला. तेथे सोन्याचा भाव चढला होता, हातांना काम होते. पण खरी गंमत पुढेच आहे. त्याच दिवशी राज्य विधिमंडळाची निवडणूकही होती. फारकतीचे समर्थक असलेले मुख्यमंत्री मिचेल यांचे सरकार लोकांनी त्याच दिवशी घालविले, मिचेल स्वतःच्या जागेवरही पडले, आणि फिलिप कॉलियर यांचा मजूर पक्ष निवडून आला. त्या पक्षाला फारकतीची हौस नव्हती.

पुष्कळ लोक याला मतदारांचा गोंधळ म्हणतात. मला तसे वाटत नाही. संपाची नोटीस देण्यास हात वर करणारे कामगार वाटाघाटीला मात्र थंड डोक्याचा माणूस पाठवितात, हे मी अनेकदा पाहिले आहे. बेकारीचा राग राज्य सरकारवर निघाला आणि जकातीचा केंद्रावर, इतकाच त्याचा अर्थ.

लोकांचा कौल म्हणून कॉलियर सरकारने १९३४ साली शिष्टमंडळ लंडनला पाठविले. ब्रिटिश संसदेच्या संयुक्त समितीने १९३५ साली निर्णय दिला, की हा अर्ज दाखल करून घेण्याजोगाच नाही. ऑस्ट्रेलियाच्या मध्यवर्ती सरकारने मागणी केल्यावाचून ब्रिटिश संसद त्या देशाच्या कारभारात हात घालणार नाही. ज्याच्याविरुद्ध तक्रार, त्याचीच संमती आणा, असे ते उत्तर होते. तेथे ती चळवळ संपली.

पण ती वाया गेली असे म्हणता येणार नाही. १९३३ सालीच केंद्राने कायमचा अनुदान आयोग नेमला. गरजू राज्यांची गाऱ्हाणी तपासून १९३६ पर्यंत त्याने एक तत्त्व पक्के केले. कोणत्याही कारणाने ओढगस्तीला आलेले राज्य वाजवी कष्ट करीत असेल, तर त्याचा कारभार इतर राज्यांहून फारसा खाली जाऊ नये इतके साहाय्य त्याला मिळावे. जेथे पूर्वी दया आणि घासाघीस होती, तेथे मोजमाप आले.

पुढे काळ फिरला. १९६० च्या दशकात लोखंडाच्या खनिजाची निर्यात सुरू झाली आणि पश्चिम ऑस्ट्रेलिया श्रीमंत झाला. २००० सालापासून वस्तू-सेवा कराचा पैसा याच आयोगाच्या सूत्राने राज्यांत वाटला जातो. त्या सूत्राने २०१५-१६ साली पश्चिमेचा वाटा इतका खाली आला, की लोकसंख्येप्रमाणे जेथे डॉलर मिळाला असता तेथे तिला सुमारे ३० सेंटच मिळत होते. पुन्हा ओरड झाली, आणि २०१८ च्या कायद्याने ही पातळी टप्प्याटप्प्याने ७५ सेंटांच्या खाली जाऊ द्यावयाची नाही असे ठरले. जे राज्य गरीब असताना घेण्याविषयी भांडले, तेच श्रीमंत झाल्यावर देण्याविषयी भांडले. बाजू बदलली की गणित बदलते, हा मनुष्यस्वभाव आहे.

आपल्या घटनेच्या २८० व्या कलमाप्रमाणे दर पाच वर्षांनी वित्त आयोग बसतो आणि त्या वाटपात महाराष्ट्राची गणना देणाऱ्यांत होते. म्हणून कोणी सभेत उभा राहून ते लोक आमच्या जिवावर जगतात असे म्हणाला, तर आपण तीन प्रश्न विचारावेत. पहिला, अनुदानाबरोबर जकात, बाजारपेठ आणि भावांतला फरक त्याने हिशेबात धरला आहे काय? दुसरा, वेगळे निघाल्यावर कर्ज, संरक्षण आणि म्हाताऱ्यांचे पेन्शन कोण देणार? तिसरा, या भांडणात दोन्हीकडच्या कष्टकऱ्यांच्या पदरात काय पडणार? या प्रश्नांची उत्तरे आकड्यांनिशी देणारा माणूस भेटला, तर मग तो एकीचे बोलो की फारकतीचे, त्याचे म्हणणे शांतपणे ऐकून घ्यावे. पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या लोकांना हिशेब मांडून मिळाला तो त्यांनी दार ठोठावल्यानंतर. तो आधीच उघडा ठेवला असता, तर एवढ्या जोराने दार ठोठावण्याची पाळी त्यांच्यावर आली नसती.