मोबाईलमधली लालपरी : गेमचा ‘मॉड’ म्हणजे काय, अन् ‘मॉड एपीके’पासून लांब का राहायचं?

चाळीसगाव : “भो, तुनी बस धव्वी काबर दखाई राहिनी?” “स्किन टाकेल नही ना भो अजून!” बसस्टँडवर, कॉलेजच्या कट्ट्यावर नाहीतर शेताच्या बांधावर पोरांचं असं बोलणं कानावर आलं, तर मोठी माणसं गोंधळतात. ही बस रस्त्यावरची नसते, मोबाईलमधल्या गेममधली असते. स्किन, मॉड, लॅग, हँग हे शब्द आता तालुक्यातल्या गावागावात पोचले आहेत. पोरांना त्यात मजा येते, घरच्यांना वाटतं पोरगं वाया चाललं. पण यातला एक फरक पोरांनाही कळायला हवा अन् पालकांनाही. तो कळला नाही तर घरातल्या बँक खात्यावर संकट येऊ शकतं.

गेम इंडोनेशियाचा, बस आपली

आपल्याकडच्या पोरांच्या आवडीचा एक गेम म्हणजे ‘बस सिम्युलेटर इंडोनेशिया’. पोरं त्याला नुसतं ‘बसिड’ म्हणतात. इंडोनेशियातल्या मालेओ नावाच्या कंपनीने तो २०१७ मध्ये आणला. त्याच्या आधी, डिसेंबर २०१६ मध्ये, तिथल्या पोरांचं एक वेड जगभर गाजलं होतं. रस्त्याच्या कडेला उभं राहून पोरं येणाऱ्या बसच्या ड्रायव्हरला ओरडून सांगायची, “ओम तेलोलेत ओम!” तिकडच्या भाषेत ‘ओम’ म्हणजे काका अन् ‘तेलोलेत’ म्हणजे सुरात वाजणारा हॉर्न. “काका, हॉर्न वाजवा ना काका!” एवढंच. आपल्याकडे ट्रॅव्हल्सच्या हॉर्नवर पोरं खूश होतात, तसंच ते. गेममध्येही तो हॉर्न आहे.

या गेमची खासियत अशी, की खेळणाऱ्याला स्वतःची गाडी आत टाकता येते. त्यामुळे महाराष्ट्रातल्या हौशी पोरांनी त्यात एसटी आणली. लालपरी आली, शिवशाही आली, खासगी ट्रॅव्हल्सही आल्या. काही पोरं इतकी बारीक नजर ठेवतात, की नंबर प्लेटही खरी लागते. चाळीसगाव आगाराची बस म्हणून कोणी एमएच १९ टाकलं, तर दुसरा लगेच चूक काढतो. कारण एसटीच्या बऱ्याच गाड्यांचा नंबर आगारावरून पडत नाही, गाडी जिथे बांधली त्या कार्यशाळेवरून पडतो. चिकलठाण्याच्या गाडीला एमएच २०, दापोडीच्या गाडीला एमएच १४, नागपूरच्या हिंगण्याच्या गाडीला एमएच ४०. १ जून १९४८ ला पुणे–अहमदनगर मार्गावर एसटीची पहिली बस धावली. तिची आजची नवी रूपं ही पोरं मोबाईलवर पळवत आहेत.

मॉड म्हणजे नेमकं काय?

मॉड म्हणजे तयार गेममध्ये बाहेरून केलेली भर किंवा बदल. नवा ट्रॅक्टर घेतल्यावर माणूस त्याला छत लावतो, टेप बसवतो, मागे नाव लिहून घेतो. इंजिन कंपनीचंच राहतं. मॉडचंही तसंच. त्याचे ढोबळ तीन प्रकार आहेत.

पहिला प्रकार स्किन. हे नुसतं एक चित्र असतं, गाडीच्या अंगावर चढवायचं. रंग, पट्टे, आगाराचं नाव सगळं त्यात येतं. स्किन टाकली नाही तर गाडी पांढरी दिसते, ती यामुळेच. दुसरा प्रकार गाडीचा मॉड. यात बसचा सांगाडाच नवा असतो. तिसरा प्रकार नकाशाचा मॉड, म्हणजे नवे रस्ते, गावं, घाट.

मॉड ही काही चोरीचपाटीची गोष्ट नाही. ‘काउंटर स्ट्राइक’ हा जगभर गाजलेला गेम १९९९ मध्ये ‘हाफ लाइफ’ या गेमचा मॉड म्हणूनच सुरू झाला. ज्या पबजीवर सरकारने २ सप्टेंबर २०२० ला बंदी घातली, त्याचं मूळही मॉडमध्येच आहे. ब्रेंडन ग्रीन नावाच्या माणसाने आधी ‘आर्मा २’ या दुसऱ्या गेमवर मॉड करून शेवटपर्यंत टिकणारा एकच, हा प्रकार आणला. पबजी त्यानंतर आला.

शेतीच्या गेमलाही मॉड आहेत. ‘फार्मिंग सिम्युलेटर’ हा स्वित्झर्लंडच्या जायंट्स कंपनीचा गेम. २०१८ च्या आवृत्तीत त्यात कापूस आला. गेममधला कापूस मोठं यंत्र वेचतं अन् गठाण बांधून मागे टाकतं. आपल्याकडे अजून बाईमाणसाच्या हातानेच वेचणी होते. हे पाहून पोरं हसतातही अन् विचारही करतात. या कंपनीने मॉडसाठी स्वतःची वेगळी जागा ठेवली आहे. तिथे मॉड आधी तपासला जातो अन् मगच लोकांसाठी खुला होतो. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामाची आहे.

यात शिकण्यासारखं काय?

दुसऱ्याचा मॉड टाकणं सोपं. स्वतःचा बनवणं म्हणजे कारागिरी. बसचा सांगाडा संगणकावर बनवावा लागतो. त्यासाठी ‘ब्लेंडर’ नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. संगणक कुठलीही वस्तू छोट्या छोट्या त्रिकोणांनी उभी करतो. बसचं चाक गोल दिसतं, पण ते त्रिकोण जोडूनच झालेलं असतं. गाडी वळली की प्रत्येक कोपरा कुठे सरकला याचं गणित करावं लागतं अन् ते त्रिकोणमितीचं असतं. आपल्या तालुक्यातल्या पाटणादेवीला भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी मठ काढल्याचा शिलालेख आहे. त्या भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास ‘ज्या’ म्हणजे आजच्या शाळेतला साइन काढण्याच्या रीती सांगितल्या. शाळेत कंटाळवाणी वाटणारी ही साइन–कोसाइनच मोबाईलमधली बस वळवते.

खोटं दृश्य खरं वाटेल असं उभं करण्याची कला तर चाळीसगावला नवी नाहीच. रेल्वे स्टेशनजवळच्या बंगल्यात राहणारे केकी मूस (१९१२–१९८९) घरातल्या साध्यासुध्या वस्तू टेबलावर मांडायचे, त्यावर उजेड–सावली साधायचे अन् फोटो असा काढायचे की बघणाऱ्याला खरा देखावा वाटावा. गेमचं दृश्य बनवणाऱ्यालाही उजेड कुठून येतो अन् सावली कुठे पडते, हेच आधी शिकावं लागतं.

मोबाईल तापतो, अडकतो; कारण काय?

पोरांची सगळ्यात मोठी तक्रार ग्राफिक्सची. गेम अडखळतो, मोबाईल तापतो, मधेच बंद पडतो. त्याची कारणं समजून घेतली तर नवा मोबाईल मागायची वेळ येत नाही.

गेम म्हणजे भराभर बदलणारी चित्रं. सेकंदाला ३० चित्रं दाखवायची तर एक चित्र काढायला मोबाईलला जेमतेम ३३ मिलिसेकंद मिळतात. तेवढ्यात चित्र झालं नाही की गेम अडखळतो. त्याला पोरं ‘लॅग’ म्हणतात. इंटरनेट मंद असलं तरी ऑनलाइन गेम अडकतो, पण तो प्रकार वेगळा. नेट बंद करूनही गेम अडखळत असेल, तर दोष रेंजचा नाही.

दुसरं कारण उष्णता. मोबाईल जास्त तापला की आतला प्रोसेसर जळू नये म्हणून स्वतःच वेग कमी करतो. खानदेशात मे महिन्यात पारा ४४–४५ अंशांवर जातो. त्यात पत्र्याचं घर, वरून चार्जिंग लावून खेळणं. मग गेम अडकणारच. चार्जिंग काढा, मागचं कव्हर काढा, मोबाईल थोडा वेळ सावलीत राहू द्या. पण गार करायला फ्रीजमध्ये ठेवू नका, आत ओल धरते.

तिसरं कारण जड मॉड. स्किनचं चित्र लांबी–रुंदीला १०२४ ठिपक्यांचं असेल तर ते मेमरीत साधारण ४ एमबी जागा घेतं. तेच ४०९६ ठिपक्यांचं असलं तर ६४ एमबी, म्हणजे १६ पट. छोट्या पडद्यावर दोन्हीतला फरक फारसा दिसत नाही. तीन–चार जीबी रॅमच्या मोबाईलमध्ये अशा चार–पाच जड गोष्टी टाकल्या की गेम बंद पडतो. हलकी स्किन घ्या, सेटिंगमध्ये ग्राफिक्स ‘लो’ करा, सावल्या बंद करा.

चौथं कारण अपडेट. गेम नवा झाला अन् मॉड जुनाच राहिला, तर दोघांचं जमत नाही. गाडीच दिसत नाही किंवा रंग उडतो. मोबाईल खराब झाला असं समजून दुकानात पळू नका, मॉड काढून बघा.

जुना सेकंडहँड कॉम्प्युटर असेल तर त्यात वेगळं ग्राफिक्स कार्ड आहे की नाही ते आधी पाहा. नसेल तर मोठे गेम रडतखडतच चालणार. ड्रायव्हर जुना असेल तर तो बनवणाऱ्या कंपनीच्याच वेबसाइटवरून घ्यावा.

खरा धोका इथे आहे

आता मुख्य मुद्दा. ‘मॉड’ अन् ‘मॉड एपीके’ या एकच गोष्टी नाहीत.

स्किन किंवा गाडीचा मॉड ही गेमच्या आत टाकायची फाइल असते. गेम प्ले स्टोअरवरून घेतलेला खराच राहतो. ‘मॉड एपीके’ म्हणजे मात्र कोणीतरी फोडून, बदलून पुन्हा बांधलेलं अख्खं ॲप. “सगळ्या गाड्या मोकळ्या”, “पैसे अनलिमिटेड” असं सांगून ते टेलिग्राम, व्हॉट्सॲपवर फिरवलं जातं. आत काय घातलंय ते बनवणाऱ्यालाच ठाऊक. टाकताना मोबाईल इशारा देतो, अनोळखी ठिकाणचं ॲप आहे म्हणतो. पोरगं घाईत ‘अलाउ’ दाबतं.

आपल्याकडे बऱ्याच घरांत मोबाईल एकच असतो. त्यावरच वडिलांचं फोन पे, त्यावरच बँकेचा ओटीपी, त्यावरच ई–पीक पाहणी. वाईट ॲपला एसएमएस वाचायची परवानगी मिळाली की ओटीपी परस्पर दुसऱ्याच्या हाती जातो. ‘ॲक्सेसिबिलिटी’ची परवानगी मिळाली तर पडद्यावरचं सगळं वाचता येतं, बटणंही दाबता येतात. पीएम किसानच्या नावाने व्हॉट्सॲपवर आलेल्या खोट्या एपीकेने शेतकऱ्यांची खाती रिकामी केल्याच्या बातम्या आल्याच आहेत. वाट तीच, आमिष फक्त वेगळं.

एपीके ओळखायचं कसं? फाइलच्या नावाच्या शेवटी डॉट एपीके असेल तर ते ॲप आहे, स्किन नाही. स्किन म्हणून कोणी एपीके पाठवलं तर उघडूच नका. बसच्या गेमला एसएमएस, कॉन्टॅक्ट, ॲक्सेसिबिलिटी यांची काहीच गरज नसते. मागितलं की समजा काहीतरी काळंबेरं आहे.

चुकून टाकलं गेलंच तर आधी इंटरनेट बंद करा, मोबाईल एअरप्लेन मोडवर टाका. दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवा अन् खातं थांबवा. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा, जितका उशीर तितके पैसे पुढे सरकतात. मग ते ॲप काढा अन् पासवर्ड, पिन दुसऱ्या मोबाईलवरून बदला. यात पोराला मारझोड करू नका. मार बसेल या भीतीने पोरगं दोन दिवस गप्प बसलं, तर पैसे परत मिळण्याची वेळ निघून जाते.

आणखी दोन गोष्टी. बीजीएमआय, फ्री फायरसारख्या ऑनलाइन सामन्यात बदललेलं ॲप वापरून फायदा घेणं ही चीटिंग आहे. त्यात खातं कायमचं बंद होतं. अन् पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ हा पूर्ण वेगळा विषय आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने केलेल्या कायद्याने त्यांच्यावर बंदी आणली. बस चालवायचा गेम त्यात येत नाही. तेव्हा पोरगं मोबाईल घेऊन बसलं की सरसकट जुगार समजू नये.

पालकांनी काय करावं?

पोराशेजारी दहा मिनिटं बसा अन् गेम दाखव म्हणा. फाइल कुठून आली ते विचारा. जुना मोबाईल घरात पडून असेल तर सिम काढून, बँकेची ॲप काढून तो गेमसाठी द्या. दुसरा मोबाईल नसेल तर प्ले स्टोअर सोडून कुठलंही ॲप टाकायचं नाही, एवढा एक नियम घरात ठेवा. पोरगं स्वतः स्किन रंगवत असेल तर त्याला अडवू नका. आज मोबाईलवर लालपरीचा पट्टा बरोबर जुळवणारा हात उद्या फ्लेक्सच्या दुकानात, छपाईत नाहीतर गेमच्या कंपनीत कामाला येऊ शकतो.