फूटवॉल्व्हवरचा पाहुणा

वैशाखात विहीर तळाला गेली की आम्ही मोटरीचा पाइप वर ओढतो. शिरूरकडच्या आमच्या मळ्यात एकदा फूटवॉल्व्हला करडं-हिरवट, बोटभर जाडीचं काहीतरी चिकटून आलं. दादा म्हणाला, "शेवाळ आहे, खरवड." खरवडलं, तर संध्याकाळपर्यंत बोटं खाजत होती. शेवाळानं सहसा अशी खाज सुटत नाही. तो स्पंज होता, म्हणजे प्राणी. समुद्रापासून एवढ्या लांब! खाज त्याच्या अंगातल्या काचेसारख्या सिलिकाच्या सुयांची.

मी दौंडला प्राणिशास्त्र शिकवतो. साहजिकच वाटलं, नवी जात सापडली! पण जात ठरते सुयांवर. तुकडा नायट्रिक आम्लात टाकला की मांस विरतं, सुया उरतात. त्या सूक्ष्मदर्शकाखाली मोजायच्या. समुद्रातल्या बहुतेक स्पंजांचंही तेच. गोड्या पाण्यातल्या बहुतेकांत आणखी खसखशीएवढे पिवळट दाणे असतात, उन्हाळा काढायला राखलेलं बियाणंच जणू. त्यांवरच्या सुया वेगळ्या. मग सगळं जुन्या वर्णनांशी ताडायचं.

इथं थोरही चुकतात. मुंबईतले डॉक्टर हेन्री जॉन कार्टर यांनी १८४९ मध्ये तिथल्या तळ्यांतल्या स्पंजांचं वर्णन छापलं. काही जाती नव्या ठरल्या. एकीला मात्र त्यांनी आधीच ठाऊक असलेलं नाव लावलं. १८६३ मध्ये स्पंजांचे दुसरे अभ्यासक बॉवरबँक यांनी ती वेगळी ठरवली आणि नाव दिलं कार्टरांचंच. आज ती युनेपियस कार्टेराय.

माझा स्पंज त्याच जातीचा निघाला. दादाला सांगितलं. "म्हणजे नवीन नाही ना?" तो म्हणाला. "मग सोडू पाइप खाली?"