एका वाटीला चाळीस मिनिटं

स्वयंसेवकांची सकाळ कोलकात्यात, मदर तेरेसांच्या मदर हाउसमध्ये, सातला सुरू होते. चहा, पाव, केळं. मग जो तो आपापल्या वाटेनं. माझ्या वाट्याला सकाळी शिशुभवन आणि दुपारी कालीघाट. मुलांसाठी चित्रांची दोन पुस्तकं घेतली होती, ती संध्याकाळपर्यंत पिशवीतच राहिली. आधी लंगोटांची बादली, मग ओल्या चादरी, मग फरशी. अकराच्या सुमारास हातात एक वाटी आली. कुस्करलेला डाळभात, त्यात भोपळा.

समोरच्या खुर्चीत सहा-सात वर्षांचा मुलगा. जन्मापासून मेंदूला इजा, त्यामुळे अंग कडक. कुठे भांडं वाजलं की दोन्ही हात ताठ व्हायचे. मी उभी राहून चमचा वरून पुढे केला. त्यानं मान मागे टाकली आणि ठसका लागला. चेहरा लाल झाला, माझे हातपाय गार पडले.

तिथल्या एका बाईंनी येऊन त्याला पुढे वाकवलं, ठसका थांबू दिला आणि पायानंच एक बुटकं स्टूल माझ्याकडे सरकवलं. (तिथं काम करणाऱ्या बायकांना सगळे माशी म्हणतात, म्हणजे बंगालीत मावशी. चार दिशांनी ‘माशी, माशी’ अशा हाका आल्या की मराठी माणसाचा हात आपोआप वारायला उठतो.) बोलल्या दोनच शब्द : आस्ते, आस्ते. बाकी सगळं करून दाखवलं. आपण बसायचं त्याच्या नजरेच्या खाली, म्हणजे त्याची हनुवटी आपोआप खाली येते. चमचा समोरून न्यायचा, अर्धाच भरलेला. जिभेवर किंचित दाबायचा, ओठ मिटायची वाट बघायची. मग गळ्याकडे बघायचं. घोट खाली गेलेला दिसल्याशिवाय दुसरा चमचा नाही. मान मागे गेली की घास श्वासनलिकेत उतरतो आणि या मुलांना न्यूमोनिया व्हायला तेवढं पुरतं. जेवण झाल्यावर लगेच आडवंही करायचं नाही.

वाटी संपायला चाळीस मिनिटं लागली. घरी मी उभ्या उभ्या दहा मिनिटांत जेवते.

दुपारी मेट्रोनं कालीघाट. देवीच्या देवळाला लागूनच निर्मल हृदय. यात्रेकरूंची ही धर्मशाळा १९५२ मध्ये महापालिकेनं मदर तेरेसांना वापरायला दिली. रस्त्यावर मरायला टेकलेल्या माणसांना निदान छपराखाली, स्वच्छ अंथरुणावर जाता यावं, एवढाच तेव्हाचा हेतू. आत खाटा अगदी जमिनीलगत आहेत, वाकून वाकून पाठ धरते. एका जपानी मुलीबरोबर चादरी पिळल्या. आम्ही दोघी आधी एकाच बाजूला पीळ देत होतो, पाणी कुठलं निघायला!

पलीकडे एका म्हातारीच्या माकडहाडापाशी लाल चट्टा दिसला. आजीचं करताना आम्ही अशा जागी तेल घेऊन खसाखसा चोळायचो. तेलाची बाटली उचलली तोच सिस्टरनी हात धरला. तो चट्टा म्हणजे अंथरुणाला लागून होणाऱ्या जखमेची सुरुवात. चोळलं की आतली नाजूक कातडी आणखी फाटते. कूस बदलायची, उशीचा आधार द्यायचा, जागा कोरडी ठेवायची, बस. वीस वर्षांपूर्वी आजीच्या पाठीचं काय केलं असेल आम्ही, ते तिथंच कळलं.

मग तिची नखं कापायला घेतली. जाड, पिवळी, आत वळलेली. आधी कोमट पाण्यात बोटं भिजवली. ती माझ्या हाताकडे बघत बंगालीत काहीतरी सांगत होती, मी ‘हो हो’ म्हणत होते. एक हात झाला आणि निघायची वेळ झाली. दुसरा उद्या करते, असं मी तिला खुणेनं सांगितलं. तिनं मान डोलावली. बाहेर चपला घालताना आठवलं, उद्या गुरुवार. गुरुवारी स्वयंसेवकांना सुट्टी. आणि परवा दुपारी हावड्याहून माझी गीतांजली एक्स्प्रेस.

परत आत गेले. तिथल्या एक माशी तिच्या खाटेशी टेकल्या होत्या, दुसरा हात पाण्यात बुडवलेला होता.