टेन्शनचा आजार होतो कसा?

यवतमाळ जिल्ह्यात मनाच्या आजाराचा विषय निघाला की कर्ज, बोंडअळी आणि पाऊस इथे येऊन थांबतो. कारणं खरीच आहेत. पण एकाच शिवारातल्या सारख्या नापिकीत एक जण सावरतो, दुसरा खचतो. मधे मनात काय घडतं, ते आपण क्रमाने पाहू.

सुरुवात रवंथापासून होते, म्हणजे तोच विचार पुन्हा पुन्हा घोळवण्यापासून. 'दुबार पेरणी केलीच कशाला?' आपल्याला वाटतं, आपण मार्ग शोधतोय. ओळखायचं कसं? विचाराच्या शेवटी उद्या करायचं एखादं काम निघालं तर तो विचार. नाही निघालं तर रवंथ.

त्यात झोप तुटते. थकलेलं मन टोकाला जातं: 'हा हंगाम गेला' याचं 'आता काहीच व्हायचं नाही' होतं.

पुढची पायरी टाळाटाळीची, आणि बहुतेकांची फसगत इथेच होते. बँकेची नोटीस फोडायची नाही, कृषी केंद्रासमोरून जायचं नाही, फोन उचलायचा नाही. टाळलं की क्षणभर हायसं वाटतं, म्हणूनच सवय लागते. व्याज मात्र चालूच राहतं. मग लाजेपोटी लग्नकार्यं सुटतात, पारावरचं बसणं सुटतं. माणूस एकटा पडला की रवंथाला रान मोकळं.

घरचे म्हणतात, 'जास्त विचार करू नको.' असं सांगून विचार थांबत नाही. दारूने झोप लागते, पण ती मधेच मोडते. उदासी वाढते ती वेगळीच.

ही साखळी कामाच्या बाजूने तोडणं सोपं जातं. उत्साहाची वाट न पाहता रोज एक लहान काम ठरवून करायचं: वावरात चक्कर, एक फोन, नोटीस कुणाला तरी सोबत घेऊन वाचणं. एवढ्याने भागलं नाही तर मदत घ्यावी. शेजारच्या अमरावती जिल्ह्यात 'विश्राम' उपक्रमाने 30 गावांत प्रशिक्षित कार्यकर्त्यांमार्फत समुपदेशन पोहोचवलं. नैराश्य असलेल्यांत मदत घेणाऱ्यांचं प्रमाण 18 महिन्यांत 4.3 वरून 27.2 टक्क्यांवर गेलं. डॉक्टर कमी असले तरी काम अडत नाही, हे त्यातून दिसलं.

दोन आठवडे उदासी राहिली, झोप-भूक बिघडली, तर आशाताईंशी बोला किंवा सरकारी दवाखाना गाठा. कुणी मरणाची भाषा केली तर जीव द्यायचा विचार येतो का, असं सरळ विचारा. विचारल्याने तो विचार मनात पेरला जात नाही. त्याला एकटं सोडू नका, फवारणीची औषधं घराबाहेर कुलपात ठेवा. 'टेली-मानस' या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालू असतो आणि मराठीत बोलता येतं.